बापाच्या वेळचा रंग

बंदुकीचा दस्ता बकरीने मोडला, असं जिवाने सगळ्या पाड्याला सांगितलं होतं. बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली, बकरी ओट्यावर चढली, बंदूक पडली आणि बकरी तिच्यावर नाचली. बकरीला काही विचारायची सोय नव्हती, म्हणून गोष्ट तिथेच मिटली. खरं असं होतं की बंदूक उंबऱ्याशी आडवी पडली होती, भर दुपार होती, आणि जिवाने तिच्यावर पाय दिला होता. नुसता पाय नव्हे, सबंध जिवा. दस्ता मानेपाशी कडकन गेला आणि जिवा अंगणात कोंबड्यांत जाऊन बसला.

दोन वर्षं झाली, जिवाला धड दिसत नव्हतं. अगदी अंधार होता असं नाही. पेजेच्या पाण्यातून बघावं तसं सगळं दिसे. माणूस आला की उभा ढग यायचा, बैल आला की आडवा. उभा ढग बोलला की जिवा त्याला नावाने हाक मारायचा, म्हणजे झालं. आपण बोलण्याआधी समोरच्याला बोलू द्यायचं, एवढा एक नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता, आणि त्यामुळे दोन वर्षांत तो पाड्यातला सगळ्यांत विचारी माणूस म्हणून गणला जाऊ लागला होता.

हे लपवायचं कारण ती बंदूक. पोशेऱ्याच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा होता आणि सगळ्या पाड्यात बंदूक ही एकच. ठासणीची, शेत राखायच्या परवान्याची, बापाकडून आलेली. तिने आजवर एक डुक्कर मारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नाचणी दाण्यात आली की जिवा शेतात झाडावर बांधलेल्या माळ्यावर बसायचा, नळीत दारू आणि चिंध्या ठासायचा आणि वर तोंड करून बार काढायचा. त्या आवाजाने डुकरं खालच्या पाड्याच्या शेतात जायची. याबद्दल मळणीला प्रत्येक घर जिवाला एकेक सूप नाचणी द्यायचं. त्याला बाराचं सूप म्हणत. ते सूप घ्यायला जिवा स्वतः घरोघर जायचा, ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, आणि त्या दिवशी बायामाणसं त्याला वाकून नमस्कार करायची. बाकी सगळं वर्ष जिवा चार माणसांसारखा एक माणूस होता. त्या एका दिवसासाठी तो जगत होता असं म्हटलं तरी चालेल.

आणि शेजारी देवानंद होता. देवानंद काही वर्षं जव्हारला होमगार्डमध्ये होता, तेवढ्यावर त्याची चाल अजून ताठ होती. पाड्यात चार माणसं जमली की तो म्हणायचा, "बंदूक धरील त्याचा डोळा धड पायजे." जिवा तेवढ्यात तिथून उठायचा. डोळ्याचं कळलं की बंदूक गेली, बंदूक गेली की सूप गेलं, आणि सूप गेलं की ओटीवर बस म्हणणारं कोणी उरणार नाही, हा हिशोब त्याने रात्रंदिवस करून ठेवला होता.

बायको गंगी अधूनमधून म्हणायची, "जव्हारच्या दवाखान्यात डोळं करतात. मोतीबिंदू काढतात."

"मुंगीचं पाय दिसतात मला," जिवा म्हणायचा. शिवाय डोळ्याला सुरी लावणार, याची त्याला धास्ती होती. ते मात्र तो बोलायचा नाही.

तर दस्ता मोडला. जामसरच्या पंढरी सुताराने शिवणीच्या लाकडाचा नवा घडवून दिला, नळी-घोडा नीट बसवून दिला. दस्ता हाताला लोण्यासारखा लागत होता. जिवाला वाटलं, सुटलो. पण त्याच आठवड्यात थोरला मुलगा विनोद भातकापणीला घरी आला.

विनोद वसईला फर्निचरला पॉलिश मारायचं काम करत होता. त्याने दस्ता बघितला आणि कपाळाला हात लावला.

"बा, असा कोरा ठेवलास तं पावसाळ्यात फुगंल. याला सीलर मारायचा, मंग स्टेन, मंग फिनिश. शेटलोकांच्या पलंगाला मारतो तसा मारून देतो."

त्याने पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर लाकडी रंगांचे चौकोन होते, पन्नासेक तरी असतील. अक्रोड, महोगनी, शिसवी, सागवानी, चेरी, मध, आणखी काय काय. विनोदने तो बापाच्या मांडीवर ठेवला. "तू बोल फक्त."

जिवाने पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. सगळा पुठ्ठा त्याला एकसारखा दिसत होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा.

"यातला एक पन नाय," तो म्हणाला.

"मंग कसा पायजे?"

"बापाच्या वेळचा व्हता, तसा."

हे बोलून जिवाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण मोडका दस्ता गंगीने चुलीत घातला होता, भाकऱ्या भाजून झाल्या होत्या, आणि बापाच्या वेळचा रंग कोणता हे सांगायला आता पुरावा नव्हता. विनोद हाडाचा कारागीर. गिऱ्हाइकाला हवा तोच रंग उतरवायचा, ही त्याची जिद्द. त्याने पाड्यात विचारायला सुरुवात केली.

झालं. संध्याकाळपर्यंत जिवाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांत म्हातारी हौशी. तिने बापाची बंदूक पाहिलेली होती. ती म्हणाली, रंग चिंचेच्या गाभ्यासारखा होता. फागू म्हणाला, चिंच कसली, काताच्या पाण्याचा होता, जर्द. मधु कोणाशी वाद न घालता घरी गेला आणि गाय घेऊन आला.

"हिच्या पोटाखालचा रंग बघा," तो म्हणाला. "माझा आजा बोलायचा, जिवाच्या बापाची बंदूक नि आपली गाय एका रंगाची."

"ती गाय ही नव्हं," हौशी म्हणाली.

"तिचीच पणती हाय."

गाय ओट्याला लावून उभी केली. विनोदने लाकडाच्या ढलप्यांवर वेगवेगळे रंग मारून आणले होते, ते गायीच्या पोटाला लावून बघणं सुरू झालं. गायीला गुदगुल्या होत होत्या की काय कोण जाणे, तिने विनोदचा स्टेनचा डबा लाथेने उडवला. तो रंग फागूच्या धोतरावर सांडला आणि हौशीने लगेच सांगितलं की हाच, असाच होता. मग फागूला धोतरासकट जिवासमोर उभं केलं.

"बघ जिवा. हाच ना?"

जिवाने नियमाप्रमाणे वाट पाहिली. कोणी तरी म्हणालं, "जरा लाल जातोय." जिवा म्हणाला, "जरा लाल जातोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. नजर बघा म्हाताऱ्याची, असंही कोणी म्हणालं.

असं पुढे बरेच दिवस चाललं. सकाळी माणसं कापणीला जायची ती जाता जाता एक ढलपा बघून जायची. जिवा प्रत्येक ढलपा उजेडाकडे धरायचा, लोकांची कुजबूज ऐकायचा आणि नाही म्हणायचा. नाही म्हणायला डोळे लागत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. रंग ठरत नव्हता तोवर बंदूक तयार नव्हती, बंदूक तयार नव्हती तोवर माळ्यावर जायचं नव्हतं, आणि माळ्यावर अंधारात चढताना पाय कुठे ठेवायचा याची काळजी नव्हती. त्याला हे बरंच पडलं. डुकरांनाही बरं पडलं. त्यांनी मधुची अर्धी नाचणी लोळवली.

रंगाचा तंटा मिटेना म्हणून लोक चकाकीवर आले. विनोद म्हणाला, फिनिश दोन तऱ्हेचा असतो, चकचकीत किंवा मंद. देवानंदने सांगितलं की सरकारी बंदुकीचा दस्ता मंदच असतो, चमकला तर शत्रूला दिसतो. फागूचं म्हणणं, आपला शत्रू डुक्कर. दस्ता आरशासारखा पाहिजे, म्हणजे डुकराला त्यात स्वतःचं थोबाड दिसेल आणि ते घाबरून पळेल. यावर बराच वेळ चर्चा झाली. डुक्कर स्वतःला ओळखतं की नाही यावर पाड्यात उघड दोन तट पडले.

मधुने मात्र कंटाळून सांगितलं, "जिवाभाऊ, माझ्या शेतात आता डुकरांची पिल्लं पन यायला लागली. रंग निळा लाव, पिवळा लाव, पन बार काढ."

आणि देवानंद ताठ आवाजात म्हणाला, "का रे जिवा, का दिसतच नाय तुला रंग?"

जिवाला वाटलं, संपलं. पण तेवढ्यात गंगी घरातून बाहेर आली. विनोदच्या हातातून एक ढलपा घेऊन ती आत गेली होती, ती बऱ्याच वेळाने परतली. रंगाचा ओला वास तिच्याबरोबर आला.

"हा बघ," ती म्हणाली आणि ढलपा जिवाच्या हातात दिला. "हा शेवटचा. हा नसंल तं मंग कोरीच ऱ्हाऊ दे बंदूक."

जिवाने ढलपा उजेडाकडे धरला. कोऱ्या चहाचा रंग. जरा दूध पडल्यासारखा, बस्. तो कुजबूज ऐकायला थांबला. कुजबूज झाली नाही. लाल जातोय, काळा जातोय, कोणी काही बोलेना. फागूसुद्धा बोलेना, आणि फागू गप्प बसला असं कधी झालं नव्हतं. गाय तेवढी फुरफुरली.

जिवाने भरभर विचार केला. आजवर इतके रंग झाले, प्रत्येकाला कोणी ना कोणी नावं ठेवली. याला कोणीच नाव ठेवत नाही. सगळे बघतच राहिलेत. म्हणजे खरी वस्तू हीच. आणि आज नाही म्हटलं तर देवानंद पुन्हा तोंड उघडणार.

"हाच," तो म्हणाला. "बापाच्या वेळचा. डिट्टो."

कोणी तरी खोकलं. हौशी म्हातारी "अगं बाई" म्हणाली आणि तोंडाला पदर लावल्यासारखा तिचा आवाज बंद झाला.

"आये," विनोद हळूच म्हणाला, "हा तं..."

"लाव," गंगी म्हणाली. "बापाने सांगला ना? लाव. नि चकचकीत लाव."

विनोदने लावला. दर थोड्या वेळाने थांबत होता, पण काम त्याने वसईच्या पलंगाचं केलं. घासून, पुसून, तीन हात मारून, वर चकाकी. जिवाने वाळल्यावर दस्त्यावर गाल टेकवून पाहिला. काचेसारखा गुळगुळीत लागत होता. बापाची आठवण येऊन त्याला भरून आलं.

त्यानंतर जिवाचे दिवस पालटले. बंदूक बघायला माणसं येऊ लागली. आपल्या पाड्यातलीच नव्हे, खालच्या पाड्यातली, जिकडे डुकरं जायची तिकडचीही. येऊन उभी राहायची, खाकरायची, मग म्हणायची, "लांबून उठून दिसते." जिवा म्हणायचा, "असा रंग आता कोन देतो?" ती म्हणायची, "कोनच नाय देत." देवानंद तर आठवड्यात दोनदा यायचा. एकदा त्याने दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जिवा, सरकारला असा सुचला नाय." जिवाला ते इतकं गोड लागलं की रात्रभर झोप आली नाही.

माळ्यावर चढायला गंगी बरोबर येऊ लागली. पाय कुठे ठेवायचा ते न विचारता सांगायची, "इथं फांदी हाय, खालची मोडलीय." जिवा म्हणायचा, "दिसते मला." बार निघाला की चहूकडून लोक आरोळी द्यायचे. मळणी झाली आणि जिवा सूप घ्यायला गेला. कधी नव्हे ते घरोघर सूप शिगोशीग भरून मिळालं. मधुनेसुद्धा भरून दिलं, उरली होती त्यातून. पोरं मात्र त्याच्या मागून हसत हसत येत होती. पोरं हसायचीच, त्यांना काय कळतंय.

मग परवान्याचं साल संपलं आणि बंदूक दाखवायला जव्हारला जायची वेळ आली. गंगी म्हणाली, मीही येते. जिवाने बंदूक गोधडीत गुंडाळून घेतली.

कचेरीतल्या साहेबांनी गोधडी सोडली. पंखा फिरत होता तेवढा आवाज.

"रंग आपण स्वतः पसंत केलात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"जातीनं," जिवा म्हणाला. "पोरांना नाय कळत, साहेब. पन्नास रंग दाखवले. मी बोललो, बापाच्या वेळचा पायजे."

"वडील हौशी होते," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली. त्यांच्या आवाजात काही तरी होतं, पण सही झाल्यावर आवाजाकडे कोण बघतो.

परतीच्या जीपमध्ये चार प्रवासी शिरपामाळला उतरणारे होते, म्हणून गाडीवाल्याने गाडी आत घेतली आणि तिथे चहाला थांबवली. वर शिवाजी महाराजांची जागा बघायला आलेल्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. जिवा जीपच्या मागच्या फळीवर बसला होता, बंदूक मांडीवर, गोधडी अर्धवट सुटलेली. एक ढग जवळ आला. ढग बाईच्या आवाजात बोलला, नाशिककडचा असावा.

"काका, फोटो काढू का? बंदुकीचा? किती गोड आहे. पोपटी रंग मुद्दाम दिलाय का?"

"कसला रंग?"

"पोपटी. अगदी कैरीसारखा. आणि चमकतोय किती."

जिवा हसला. शहरातल्या बायकांना लाकूड काय माहीत. "बाई, हा चिंचेच्या गाभ्याचा रंग हाय. जुना. बापाच्या वेळचा."

बाई खूप हसली, म्हणाली काका फार विनोदी आहेत, फोटो काढून निघून गेली. तिची चप्पल खडीवर वाजत लांब गेली. जिवा दस्त्यावर हात ठेवून बसून राहिला.

"गंगे," तो म्हणाला. "ती बाई काय बोलली?"

"बराबर बोलली," गंगी म्हणाली. "घराच्या खिडक्यांना लावून उरला व्हता, तो डबा. त्याच्यात ढलपा बुडवला मी."

जिवाच्या डोक्यात एकदम सगळा ओटा उभा राहिला. फागूचं गप्प बसणं, हौशीचं अगं बाई, खोकला, पोरं, साहेबांचा पंखा. तो संतापला.

"का?" एवढंच आलं तोंडातून.

"दोन वर्षं इचारते, दिसतो का. तू बोलतोस, मुंगीचं पाय दिसतात. मी बोलले, बघू तरी कवापर्यंत दिसतात. रोज वाटायचा, आज इचारशील, हा हिरवा कोनी लावला. ज्या दिवशी इचारशील त्या दिवशी समजंन, तुला खराच दिसतो."

"नि पाडा? सगळ्या पाड्याला ठावं?"

"बकरीपासून ठावं हाय. बकरी तवा माझ्यासंगती रानात व्हती."

"देवानंदला पन?"

"त्याला तं आधीच."

"मंग त्याने बंदूक मागितली का नाय?" जिवाचा आवाज चिरकला. या एका गोष्टीसाठी तो दोन वर्षं ढगांशी बोलत आला होता. "डोळा धड पायजे बोलायचा ना तो?"

"मी इचारला त्याला. तो बोलला, असू दे त्याच्याकडंच. आभाळात तं मारायचा हाय, आभाळ काय चुकतंय थोडाच." गंगीने त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. "डोळं करून घे, म्हनून टोचायचा तुला. बंदूक कोनालाच नको, विन्याच्या बा. रातचा माळ्यावर कोन बसतो थंडीत?"

जिवाला वाटलं होतं की हे कळलं की आपण मरून जाऊ. तसं काही झालं नाही. शरम वाटली, फार वाटली, कानामागपर्यंत. पण तिच्याखाली आणखी काही होतं. शिगोशीग भरलेली सुपं आठवली. आंधळ्याला, पोपटी बंदूकवाल्याला, सगळं ठाऊक असून लोकांनी ओटीवर बसवलं होतं आणि पाणी दिलं होतं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "तू काय बोलली नायस."

"तू पन कुठं काय बोललास? माझं पुढचं दोन दात पडलं गेल्या शिमग्याला. मी वाट बघत व्हते, आता हसशील, आता चिडवशील. तू गप्पच. मला वाटला, मानूस शाना झाला म्हातारपनी." ती हसली, पण हसणं अर्धंच आलं. "मंग समजला."

"मला वाटला, तोंडात मशेरी हाय म्हनून बोबडा बोलतेस," जिवा म्हणाला.

तो तिच्याकडे वळला. समोर उभा ढग होता, चाळीस वर्षं ओळखीच्या वासाचा. "तोंड उघड," तो म्हणाला.

जीपमध्ये माणसं परत येऊन बसत होती, चहाचे ग्लास खाली ठेवत होती. गंगीने सगळ्यांसमोर आ केला. जिवाने तिची हनुवटी धरली, तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, स्वतःचं तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. डोळे बारीक केले, मोठे केले. ढग जवळ आला आणि मोठा झाला, एवढंच.

"नाय दिसत, गंगे," तो म्हणाला. "काय पन नाय दिसत."

गंगीने तोंड मिटलं. पदराने त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. बंदुकीवर गोधडी ओढली आणि गाडीवाल्याला सांगितलं की आम्हाला इथेच उतरव, परत जव्हारला जायचंय, दवाखान्यात.